तीस वर्षं थांबलेलं गाणं नेरुळला वाजलं: चाहत्यांना हवं असलेलं गाणं बँड स्टेजवर का वाजवत नाहीत?

१५ डिसेंबर २०१९ ची रात्र. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. 'यू टू' हा आयर्लंडचा रॉक बँड भारतात पहिल्यांदाच वाजवत होता. कार्यक्रमाच्या मध्यावर 'रेड हिल मायनिंग टाऊन' हे गाणं सुरू झालं. गाणं १९८७ सालचं. त्या वर्षी ते रेकॉर्ड झालं, त्याचा व्हिडिओ चित्रित झाला, दौऱ्यासाठी तालीमही झाली. पण स्टेजवर ते आलंच नाही. चाहते मागत राहिले आणि बँड टाळत राहिला. अखेर २०१७ च्या मे महिन्यात कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं, आणि त्यानंतर अडीच वर्षांनी आपल्या ठाणे जिल्ह्यात.

याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मुरबाड तालुका आहे. तिथं पौष पौर्णिमेला म्हसा या गावी मोठी यात्रा भरते. बैलबाजारासाठी ती प्रसिद्ध आहे आणि तमाशासाठीही. तमाशाच्या कनातीत आवडीचं गाणं ऐकायला तीस वर्षं थांबावं लागत नाही. नोट पुढं करायची, गाण्याचं नाव सांगायचं, ढोलकीवर थाप पडते.

एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. एकीकडं मागितलं की मिळतं, दुसरीकडं हजारो लोकांनी वर्षानुवर्षं मागूनही मिळत नाही. असं का होतं? आवडता बँड नेमकं आपलंच गाणं का गाळतो? आणि मागितलेलं गाणं लगेच मिळतं, तिथं त्याची किंमत कोण मोजतं?

फर्माईश म्हणजे नेमकं काय?

कलाकाराने ठरवलेल्या कार्यक्रमात प्रेक्षकाने स्वतःच्या पसंतीचं गाणं मागणं म्हणजे फर्माईश. हा शब्द मराठी माणसाला रेडिओमुळे घरोघरी माहीत झाला. पण मागण्याची सवय त्याहून जुनी आहे.

संगीत नाटकांच्या काळात 'वन्स मोअर'ची पद्धत होती. बालगंधर्वांचं एखादं पद रंगलं की प्रेक्षक ते पुन्हा म्हणायला लावत. नाटकाची गोष्ट तिथंच थांबायची, पद पुन्हा व्हायचं आणि मग गोष्ट पुढं सरकायची. नाटकं रात्रभर चालण्यामागं हेही एक कारण होतं.

वन्स मोअर आणि फर्माईश यांत एक फरक आहे. वन्स मोअरमध्ये आत्ताच ऐकलेलं गाणं पुन्हा मागितलं जातं, म्हणजे ते कलाकाराच्या तयारीतलं असतं. फर्माईशीत जे झालेलं नाही ते मागितलं जातं. ते कलाकाराला येत असेल, नसेल, किंवा येत असूनही म्हणायचं नसेल. खरी अडचण इथूनच सुरू होते.

तमाशाच्या कनातीत फर्माईश कशी चालते?

ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला असतो. आधी गण, मग गवळण, बतावणी, त्यानंतर रंगबाजी आणि शेवटी वग. रंगबाजीत लावण्या आणि गाणी होतात. फर्माईशीची खरी जागा हीच. प्रेक्षकातला कोणी नोट दाखवतो, गाणं सांगतो, स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं जातं आणि गाणं सुरू होतं. या पैसे देण्याला दौलतजादा म्हणतात.

हे इतक्या झटपट कसं जमतं? याचं उत्तर साथीत आहे. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज आणि पेटी एवढी मंडळी एकमेकांच्या नजरेवर वाजवतात. गाणारी बाई ज्या पट्टीत सूर लावेल ती पट्टी पेटीवाला पकडतो. चाल माहीत असली की ठेका चुकत नाही. कुठं दोन ओळी कमी झाल्या किंवा एखादं कडवं जास्त झालं तरी काही बिघडत नाही. आता अनेक फडांत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत, तरी बोलावलं की वाजवायचं ही पद्धत टिकून आहे.

तमाशाचं अर्थकारणही याला जोडलेलं आहे. माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात गेलं की नारायणगाव लागतं. तिथं गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथं येतात, बोलणी करतात आणि सुपारी देतात. सुपारी म्हणजे खेळाचा ठरलेला सौदा. मोठ्या यात्रांत फड स्वतःची कनात लावून तिकिटावरही खेळ करतात. दोन्ही प्रकारांत प्रेक्षक खूश झाला तर पुढच्या वर्षाचं बोलावणं पक्कं होतं. त्यामुळे फर्माईश नाकारणं फडाला परवडत नाही.

रॉक बँडचा कार्यक्रम वेगळा कसा?

रॉक बँडच्या दौऱ्यात गाण्यांची यादी आधीच पक्की होते. तिला सेटलिस्ट म्हणतात. साधारण दोन तासांत वीस-पंचवीस गाणी बसवायची असतात. त्यात नव्या अल्बमची काही गाणी घ्यावी लागतात, कारण दौरा बहुतेक वेळा नव्या अल्बमसाठीच निघतो. काही गाणी अशी असतात की ती वाजली नाहीत तर लोक तिकिटाचे पैसे वाया गेले असं म्हणतील. या दोन गठ्ठ्यांनंतर जी चार-पाच जागा उरतात, त्यांच्यासाठी बँडच्या सगळ्या जुन्या गाण्यांची स्पर्धा असते.

स्टेडियममधल्या मोठ्या कार्यक्रमात आणखी एक बंधन असतं. प्रत्येक गाण्यासाठी दिवे, पडद्यावरची दृश्यं, कॅमेरे, कधी आतषबाजीसुद्धा आधीच बसवलेली असते. अनेक बँडच्या ड्रमरच्या कानात ठरलेल्या लयीचे टोले वाजत असतात आणि त्याच लयीवर पडद्यावरची चित्रं चालतात. अशा वेळी समोरून कोणी दुसरंच गाणं मागितलं, तर वाजवणाऱ्यांना ते येत असेलही, पण मागची सगळी यंत्रणा त्यासाठी तयार नसते.

तिसरं बंधन घड्याळाचं. आपल्याकडं ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा १२ पर्यंत वाढवू शकतं. त्यामुळे नेरुळचा जागतिक दर्जाचा कार्यक्रम असो की मुरबाडमधला तमाशा, घड्याळ दोघांनाही सारखंच लागू होतं. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या तमाशाच्या वगाला या नियमाचा मोठा फटका बसला आहे.

मग नेमकं हवं तेच गाणं का गाळलं जातं?

यामागं साधारण पाच कारणं दिसतात.

१. आवाज साथ देत नाही. स्टुडिओत गायक एक ओळ दहा वेळा गातो आणि त्यातली सर्वांत चांगली ठेवली जाते. स्टेजवर तीच ओळ एका झटक्यात म्हणावी लागते, तीही दीड तास गाऊन झाल्यावर आणि आठवड्यातून तीन-चार वेळा. 'रेड हिल मायनिंग टाऊन'चं हेच झालं. ब्रिटनमध्ये १९८४-८५ ला खाणकामगारांचा मोठा संप झाला, त्यात होरपळलेल्या घरांचं हे गाणं आहे. पण त्यातले वरचे सूर रोज रात्री लावणं बोनो या गायकाला जड जात होतं. २०१७ ला गाण्याची मांडणी बदलली, त्यात पितळी वाद्यांचा आधार घेतला, तेव्हा कुठं ते स्टेजवर आलं.

आपल्याकडं गायक अशा वेळी सरळ पट्टी उतरवतो. रॉक बँडही हे करतात, पण गिटारमुळे ते थोडं किचकट होतं. गिटारच्या मोकळ्या तारांवर गाण्याचा बाज ठरलेला असतो. पट्टी खाली घ्यायची तर सगळ्या तारा सैल कराव्या लागतात किंवा त्या पट्टीत लावलेली दुसरी गिटार तयार ठेवावी लागते.

२. गाणं स्टुडिओतच जन्मलेलं असतं. 'द बीटल्स'चं उदाहरण सर्वांत मोठं आहे. त्यांचा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम ५ ऑगस्ट १९६६ ला आला. त्याच महिन्यात त्यांचा अमेरिकेचा दौरा होता, आणि त्या दौऱ्यात नव्या अल्बममधलं एकही गाणं वाजलं नाही. उलटे वाजवलेले टेपचे तुकडे, तंतुवाद्यांचे ताफे, एकावर एक चढवलेले आवाज हे सगळं चौघांना स्टेजवर करता येण्यासारखं नव्हतं. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम केला. पुढं आलेल्या 'सार्जंट पेपर'सारख्या अल्बमची गाणी त्या चौघांनी मिळून श्रोत्यांसमोर कधीच वाजवली नाहीत. तंत्रज्ञान सुधारल्यावर त्यातली काही गाणी पॉल मॅकार्टनीने आपल्या कार्यक्रमांत घेतली. 'बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट' हे १९६७ चं गाणं त्याने २०१३ मध्ये स्टेजवर आणलं.

'क्वीन' बँडने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मधल्या भागात आवाजांचे इतके थर आहेत की ते चौघांना म्हणणं अशक्य होतं. मग त्या भागापुरते ते स्टेजवरून आत जायचे, टेप वाजायची आणि पुढच्या जोरकस भागाला ते परत यायचे. प्रेक्षकांनी ते आनंदानं मान्य केलं.

३. गाण्याची लांबी. आठ-दहा मिनिटांचं एक गाणं घेतलं तर दोन लोकप्रिय गाणी गळतात. 'आयर्न मेडन'चं 'राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर' तेरा मिनिटांहून मोठं आहे. १९८० च्या दशकानंतर ते यादीतून गेलं होतं. १ फेब्रुवारी २००८ ला या बँडचा जगभराचा दौरा मुंबईतून सुरू झाला आणि त्यात हे गाणं परत आलं. म्हणजे जगभरचे चाहते ज्याची वाट पाहत होते, ते आधी मुंबईकरांनी ऐकलं.

४. वाद्य किंवा वादक नसतो. कॅनडाच्या 'रश' बँडचं 'लूझिंग इट' हे १९८२ चं गाणं. त्यात व्हायोलिन महत्त्वाचं आहे आणि बँडमध्ये व्हायोलिनवादक नव्हता. वय वाढल्यावर कलाकाराच्या हातून कला निसटत जाते, असा त्या गाण्याचा विषय. ते स्टेजवर पहिल्यांदा आलं २०१५ मध्ये, बँडच्या दौऱ्यात, पाहुणा व्हायोलिनवादक बोलावून.

५. कलाकाराला कंटाळा आलेला असतो. 'रेडिओहेड'चं 'क्रीप' हे १९९२ चं गाणं इतकं गाजलं की लोक तेवढ्याच एका गाण्यासाठी येऊ लागले. बँडला हे खुपायला लागलं आणि त्यांनी ते अनेक वर्षं टाळलं. २०१६ च्या दौऱ्यात ते पुन्हा वाजवलं तेव्हा ती बातमी झाली. इथं मागणी हीच अडचण ठरली होती.

हट्ट करून मिळालेली गाणी

तरीही काही गाणी चाहत्यांनी अक्षरशः पाठपुरावा करून मिळवली आहेत. 'आयर्न मेडन'च्याच 'अलेक्झांडर द ग्रेट'ची गोष्ट पाहा. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम' अल्बममधलं हे साडेआठ मिनिटांचं गाणं. चाहत्यांच्या प्रत्येक यादीत ते वर असायचं आणि बँडच्या यादीत कधीच नसायचं. २०२३ मध्ये त्याच अल्बमवर बेतलेला दौरा निघाला आणि २८ मे २०२३ ला स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथं ते पहिल्यांदा वाजलं. तब्बल ३७ वर्षांनी.

'यू टू' आणि 'आयर्न मेडन' या दोघांत एक सारखेपणा आहे. दोन्हीकडं चाहत्यांनी मागितलं म्हणून एक सुटं गाणं घुसवलं गेलं नाही. जुना अल्बम हाच दौऱ्याचा विषय झाला. 'यू टू'ने तर 'द जोशुआ ट्री' हा अख्खा अल्बम क्रमाने वाजवायचा ठरवला, त्यामुळे अडचणीचं गाणं वगळायची सोयच राहिली नाही. म्हणून अल्बमला तीस-चाळीस वर्षं झाल्याचे दौरे जाहीर होतात तेव्हा जुन्या चाहत्यांचे कान टवकारतात.

अमेरिकेचा ब्रूस स्प्रिंगस्टीन वेगळी पद्धत वापरतो. लोक पुठ्ठ्यावर गाण्याचं नाव लिहून आणतात. तो स्टेजवरून ते फलक गोळा करतो, त्यातला एखादा निवडतो आणि बँडला दाखवतो. काही क्षण सगळे आपापसात पट्टी ठरवतात आणि गाणं सुरू होतं. तमाशाच्या साथीदारांशी याचं बरंच साम्य आहे. वर्षानुवर्षं एकत्र वाजवलेली माणसं असतील तरच हे जमतं.

मागणीची चेष्टाही होते. अमेरिकेत कोणाच्याही कार्यक्रमात मागच्या रांगेतून कोणीतरी 'फ्री बर्ड' असं ओरडतो. ते 'लिनर्ड स्किनर्ड' बँडचं गाणं आहे, पण समोर कोण गातंय याच्याशी ओरडणाऱ्याला देणंघेणं नसतं. आपल्याकडं भावगीतांच्या ऑर्केस्ट्रात 'झिंगाट'ची आरोळी येते, तसाच हा प्रकार.

मतदान घेतलं तर प्रश्न सुटेल?

हा प्रयोग 'मेटॅलिका'ने २०१४ मध्ये केला. दौऱ्याचं नावच फर्माईशीवर होतं. तिकीट घेणाऱ्याने आपल्या आवडीची गाणी निवडायची आणि ज्यांना जास्त मतं ती त्या शहरात वाजणार. चाहत्यांना वाटलं, आता कधी न ऐकलेली गाणी वर येतील.

झालं वेगळंच. शहरामागून शहरात 'मास्टर ऑफ पपेट्स', 'वन' अशी तीच गाणी पुढं आली, जी बँड एरवीही वाजवतोच. कारण सरळ आहे. बहुतेक माणसं बँडला आयुष्यात एकदा किंवा दोनदाच बघतात. त्यांना प्रसिद्ध गाणं प्रत्यक्ष ऐकायचं असतं. दुर्मीळ गाणं मागणारा चाहता मनापासून मागतो, जास्त वेळा मागतो, मोठ्यानं मागतो. पण मोजायला बसलं तर तो अल्पमतात असतो.

तरी या दौऱ्याने एक गोष्ट दिली. १९८८ च्या अल्बममधलं 'द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' हे गाणं २८ मे २०१४ ला फिनलंडमधल्या हेलसिंकीत पहिल्यांदा पूर्ण वाजलं. तोवर लोकांना त्याचे तुकडेच ऐकायला मिळाले होते.

इथं फर्माईशीचा खरा पेच दिसतो. दौलतजादात ज्याच्या हातात नोट तो जिंकतो. मतदानात बहुमत जिंकतं. फलकांच्या पद्धतीत कलाकाराची नजर ज्याच्यावर पडेल तो जिंकतो. आणि पक्क्या सेटलिस्टमध्ये कलाकार स्वतः ठरवतो. गाणं कोणतं, यापेक्षा कोणाचं ऐकलं जाणार हा प्रश्न मोठा आहे.

मागितलं की मिळतं, त्याची किंमत कोण देतं?

तमाशात फर्माईश लगेच पुरी होते, म्हणून ती पद्धत चांगली असं म्हणून मोकळं होता येत नाही. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा एक प्रसंग तमाशाच्या जगात आजही सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या राहिल्या. खेळ चालू असतानाच कनातीमागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा स्टेजवर आल्या, कारण समोर लोक वाट बघत होते. त्यांची अवस्था लक्षात आल्यावर लोकांनीच खेळ थांबवायला सांगितलं, असं म्हणतात. विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पदकं मिळाली. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं. आज राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो.

बोनोला सूर लागत नव्हता, तर तो तीस वर्षं ते गाणं टाळू शकला. त्याच्या पोटाला त्यामुळे चिमटा बसला नाही. फडावरच्या बाईला ही सोय नसते. नोट देणारा गाण्याबरोबर तिच्याकडून हसणं, जवळ येणं, पुन्हा नाचणं यांचीही अपेक्षा धरतो, आणि कुठं थांबायचं हे ठरवणं तिच्या हातात थोडंच असतं. म्हणून दौलतजादाकडं कलावंतांची रोजीरोटी म्हणून पाहणारे आहेत, तसे अपमान म्हणून पाहणारेही आहेत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

फर्माईशीने कलेवरही परिणाम केला. लोक सिनेमाची गाणी मागू लागले तशी रंगबाजी वाढली आणि वग आखडला. वगात गोष्ट असते, विनोद असतो, गावच्या पुढाऱ्याला काढलेले चिमटे असतात. त्यात रात्री १० ची वेळमर्यादा आली. आधीच शेवटी येणाऱ्या वगाला मग वेळच उरत नाही.

जिथं फर्माईश चालतच नाही

शहापूरच्या उत्तरेला मोखाडा, जव्हार हा पट्टा लागतो. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हाही ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. इथला वारली समाजाचा तारपा जगाला चित्रांतून माहीत आहे. वाळलेला दुधी, बांबू आणि ताडाचं पान यांतून हे लांबलचक वाद्य तयार होतं. तारपा वाजवणारा मधे असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. तिथं कोणी अमुक वाजव म्हणत नाही. जो नाचतो तोच ऐकणारा असतो, आणि चाल निवडण्याचा मान वाजवणाऱ्याचा.

ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी लग्नांतले धवलेही असेच. धवलारीण एकेका विधीला त्याचा धवला गाते. हळदीचा हळदीला, मांडवाचा मांडवाला. आवडला म्हणून मागचा पुन्हा घे, असं तिला सांगता येत नाही. गाणं विधीचा भाग असलं की त्याचा क्रम विधीच ठरवतो.

हळदीच्या रात्री हवं ते गाणं कसं मिळवायचं?

शहापूर-मुरबाडकडच्या बहुतेकांच्या आयुष्यात स्टेडियमचा कार्यक्रम क्वचित येतो. आसनगावहून लोकल पकडून ठाणे आणि तिथून नेरुळ गाठायचं, मुरबाडकरांनी आधी कल्याणपर्यंत यायचं, आणि रात्री परतीची गाडी चुकवायची नाही, हे सगळं जमवावं लागतं. पण हळदीला दारात बेंजो पार्टी येतेच. फर्माईशीचे नियम तिथंही लागू होतात.

बेंजोवर शब्द नसतात, फक्त चाल असते. त्यामुळे गायकाच्या आवाजाची अडचण येत नाही. पण वादकाच्या बोटात ती चाल बसलेली हवी. मोबाइलवर आत्ताच गाजायला लागलेलं गाणं ऐन वेळी मागितलं तर मुखडा वाजतो आणि कडव्याला सगळे अडखळतात. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवलेल्या बऱ्या.

- सुपारी देतानाच हव्या असलेल्या गाण्यांची यादी द्यावी. नव्या गाण्यासाठी पार्टीला तालमीला वेळ मिळतो.
- यादी लहान ठेवावी. आठ-दहा गाणी सांगून बाकीचं वाजवणाऱ्यांवर सोडलं तर रंग जास्त भरतो.
- अख्खं गाणं हवं की दोन ओळी, ते आधी सांगावं. बरेच वादक एका गाण्यातून दुसऱ्यात उडी घेतात, कारण त्यात जास्त जणांची फर्माईश भागते.
- घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गाणी सुरुवातीला घ्यावीत. शेवटी तरुणांचा घोळका पुढं येतो आणि १० वाजतात.
- वादकाने एखादं गाणं नको म्हटलं तर ते मान्य करावं. जास्त पैसे दाखवून न बसलेलं गाणं बसत नाही.

मोठ्या बँडच्या कार्यक्रमाला जाणार असाल, तर त्या दौऱ्यातल्या आधीच्या शहरांत कोणती गाणी वाजली हे इंटरनेटवर सहज सापडतं. सेटलिस्ट नोंदवणारी संकेतस्थळं आहेत. आपलं गाणं त्यात नसेल तर ते आपल्या शहरात अचानक वाजण्याची शक्यता कमी असते. जुना अख्खा अल्बम वाजवणारा दौरा जाहीर झाला असेल, तर मात्र तिकीट काढायला हरकत नाही.

थोडक्यात

- चाहत्यांचं आवडतं गाणं बँडने गाळण्यामागं आवाज, स्टुडिओतले थर, लांबी, वाद्यांची कमतरता किंवा कलाकाराचा कंटाळा यांपैकी एखादं कारण असतं.
- 'रेड हिल मायनिंग टाऊन' तीस वर्षांनी, 'लूझिंग इट' तेहेतीस वर्षांनी आणि 'अलेक्झांडर द ग्रेट' सदतीस वर्षांनी पहिल्यांदा स्टेजवर आलं.
- मतदानाने दुर्मीळ गाणी वर येतात असं नाही. बहुमत बहुधा प्रसिद्ध गाण्यांनाच मिळतं.
- तमाशात फर्माईश लगेच पुरी होते, पण नकार देण्याची मोकळीक कलावंताला कमी असते.
- नेरुळला 'यू टू'ने ते गाणं वाजवलं, कारण त्यांनी स्वतः तशी वेळ आणि तशी मांडणी निवडली होती. म्हसा यात्रेत नोट घेऊन गाणाऱ्या बाईला ही निवड किती मिळते, हे कनातीत बसणाऱ्यानेही पाहायला हवं.